वायफाय बंद पडले म्हणून काम का अडावे?

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि कापड दुकानात खतावणीशेजारी लॅपटॉप येऊन बसला. आम्हा सोनपेठच्या व्यापाऱ्यांचा माल मालेगाव, भिवंडी, सुरतेहून येतो. पण त्याचा हिशेब इंटरनेटवरच द्यावा लागतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना ११ तारखेपर्यंत विक्रीचा तपशील आणि २० तारखेपर्यंत कर भरावा लागतो. उशीर झाला तर रोज ५० रुपये विलंब शुल्क, शिवाय थकलेल्या करावर सालाना १८ टक्के व्याज. व्याजापासून दूर राहणाऱ्या आमच्या बांधवांना हे दुसरे जास्त बोचते.

नेमके अशा वेळी लॅपटॉपचे वायफाय सुरू होत नाही. मग दुकान सोडून परळी नाही तर परभणी गाठायची. बांधवांनो, त्याआधी थोडे थांबा.

तारीख जवळ असेल तर आधी काम उरका. मोबाईल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. वायर डेटा जाणारी हवी. इंटरनेट चालू होते, वायफाय लागत नाही.

मग कळ पाहा. जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायची लहान सरकती कळ असते. पुसताना, पिशवीत ठेवताना ती सरकते. नव्यात ती वरच्या 'एफ' बटणांवर असते. विमानाचे किंवा टॉवरचे चित्र असलेले बटण 'एफएन'सोबत दाबा. पडद्यावर 'एअरप्लेन मोड' चालू असेल तर बंद करा.

तरीही सुरू झाले नाही तर 'रीस्टार्ट' करा. विंडोज १० व ११ मध्ये नुसते 'शट डाऊन' केल्याने यंत्र बहुधा पूर्ण बंद होत नाही, जुना अडथळा तसाच राहतो. रीस्टार्टने तो निघतो.

त्यानंतर 'स्टार्ट'वर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली वायरलेसच्या नावावर खाली जाणारा बाण दिसला तर ते बंद केलेले आहे. उजवी क्लिक करून 'एनेबल' करा. पिवळे चिन्ह असेल तर 'अनइन्स्टॉल' करून रीस्टार्ट करा. ड्रायव्हर पुसण्याच्या चौकटीत मात्र खूण करू नका. विंडोज बहुधा स्वतःच तो पुन्हा बसवते.

वायरलेसचे नावच यादीत नसेल तर आतील कार्ड सैल झालेले किंवा खराब झालेले असू शकते. तेव्हाही लगेच लॅपटॉप उघडण्याची गरज नाही. यूएसबीला लावायचे छोटे वायफाय अडॅप्टर काहीशे रुपयांत मिळते आणि त्यावर काम चालते.

दुरुस्तीला द्यावाच लागला तर आधी हिशेबाची नक्कल पेन ड्राईव्हवर घ्या. त्यात आपल्याबरोबर गिऱ्हाइकांचीही उधारी असते. ती अमानत आहे. खर्च आधी विचारा, काढलेला जुना भाग परत मागा आणि पक्के बिल घ्या.

दुरुस्तीच्या धंद्यातील आमच्या तरुणांनाही एक अर्ज. कळ सरकवून काम झाले तर कार्डाचे पैसे घेऊ नका. कापड मापताना गज जसा पूर्ण हवा, तसाच इथला हिशेबही. असे वागलात तर गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याकडेच येईल, इन्शाअल्लाह.