परतीचं पाणी

वाळवंट पार करायला सहा दिवस लागतात. एका माणसाला चारच दिवसांचं पाणी उचलता येतं. वाटेत विहीर नाही आणि पाणी वाटेत पुरून ठेवायची मुभाही नाही. सोबत हमाल नेता येतात, पण तेही रोज तेवढंच पाणी पितात आणि त्यांना सुखरूप घरी परतायचं असतं. कमीत कमी किती हमाल लागतील?

हे कोडं मी चिंचोक्यांनी सोडवतो. एक चिंचोका म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं पाणी. फरशीवर खडूने सहा घरं आखायची आणि विचार पलीकडच्या टोकापासून सुरू करायचा. चार घरं उरलेली असताना प्रवाशाकडे चारही चिंचोके हवेत. म्हणजे दुसऱ्या संध्याकाळी त्याचं पाणी पुरतं भरलेलं कसं असेल, एवढंच शोधायचं राहतं.

एकच हमाल नेला, तर दुसऱ्या संध्याकाळी त्याच्याकडे दोन चिंचोके उरतात आणि परतीला दोनच लागतात. द्यायला काही नाही. पहिल्याच संध्याकाळी तो वळला तर दोन देऊ शकतो, पण प्रवाशाकडे जागा एकाचीच.

आता दोन हमाल. तिघे चार-चार घेऊन निघतात. पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाकडे तीन उरतात. पहिला हमाल दोघांना एकेक देतो आणि उरलेल्या एकावर घरी जातो. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तीन-तीन. दुसरा हमाल एक देतो, दोन ठेवून माघारी फिरतो. प्रवाशाकडे चार. उत्तर दोन. बारांपैकी सहा चिंचोके प्रवाशाने संपवले, सहा हमालांच्या जाण्यायेण्यात गेले.

आता हमाल काढून टाकू आणि पाणी पुरायची मुभा देऊ. इथे चिंचोक्यांचे तुकडे करावे लागतात, म्हणून कागद घेतलेला बरा. एकट्या माणसाने पहिला साठा दोन-तृतीयांश दिवसाच्या वाटेवर आणि दुसरा दोन दिवसांच्या वाटेवर केला, तर पहिला टप्पा त्याला पाचदा तुडवावा लागतो, दुसरा तीनदा. पाणी लागतं अकरा पूर्णांक एक-तृतीयांश दिवसांचं. बारापेक्षा थोडं कमीच. पण सहा दिवसांची वाट संपायलाही तितकेच दिवस लागतात.

एन. जे. फाइन या गणितज्ञाने १९४७ साली हाच प्रश्न जीप आणि पेट्रोल घेऊन सोडवला. एका टाकीत जेवढं अंतर कापता येतं, त्याच्या दुप्पट अंतराला ८ टाक्या लागतात, तिपटीला ५७, चौपटीला ४१९. प्रत्येक वाढीव टाकीमागे पल्ला एक, एक-तृतीयांश, एक-पंचमांश टाकीच्या अंतराने वाढतो; ही बेरीज कुठल्याही मर्यादेपलीकडे वाढत जाते, म्हणून कागदावर कुठलंही वाळवंट पार होतं. फक्त त्या ४१९ टाक्यांपैकी दोनशेहून अधिक नुसत्या माघारी येण्यात जळतात, आणि पुढे सरकलेलं अंतर असतं चार टाक्यांचं.