वस्तू हलली की पुरावा हरवतो

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या पठारांवरची, कातळशिल्पे मोठ्या संख्येने उजेडात आली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या हौशी शोधकांच्या पायपिटीमुळे. गावकऱ्यांना विचारत त्यांनी सडे पालथे घातले. २०२२ मध्ये त्यांतली काही शिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. हौशी मंडळी पुरातत्त्वाला किती देऊ शकतात, याचा याहून चांगला दाखला नाही. पण जांभ्यात कोरलेले चित्र सहजी उचलून नेता येत नाही, म्हणून त्याचा संदर्भ शाबूत राहिला. नाणे, मणी, खापर सहज खिशात जाते, आणि ते कोणत्या थरात, कशाशेजारी होते हे सांगणारा पुरावा तिथेच संपतो.

संग्राहक म्हणतात, आम्ही उचलले नाही तर नांगर किंवा जेसीबी त्याचा चुरा करील. ही भीती खरी आहे. सरकारी खाते प्रत्येक शेतात पोहोचू शकत नाही. म्हणूनच हौशी अभ्यासकांची मंडळे तालुक्यातालुक्यांत हवीत, मात्र संग्रहासाठी नव्हे, नोंदीसाठी. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतोच. शेतात काही दिसले तर आधी जागेवरच फोटो काढा, ठिकाण टिपून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.