सोळाशे मीटरच्या पुढे

पहाटे चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर धावणारी बहुतेक मुलं-मुली भरतीच्या तयारीची. पोलीस शिपायासाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. वनरक्षकासाठी ५ आणि ३ किलोमीटर. छोट्या अंतराचा सराव मोठ्याला पुरत नाही. तिथे दमसास लागतो आणि तो सावकाश धावूनच वाढतो: सोबत्याशी बोलता येईल अशा चालीने, आठवड्यातले बहुतेक दिवस. जोरात धावणं एक-दोन दिवस पुरे. अंतर थोडंथोडं वाढवा, तीन आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवा. नडगीत एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

वाघाचा वावर असलेल्या जंगलालगतच्या रस्त्यावर उजाडल्याशिवाय, एकट्याने, कानात इयरफोन घालून मुळीच जाऊ नका. शाळेचं मैदान बरं.

उन्हाळ्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. तोवर अंतर कमीच ठेवा.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. गडचिरोलीत हा आजार बराच आढळतो. त्याची वाहक व्यक्ती एरवी ठणठणीत असते, धावूही शकते. पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जीव तोडून धावल्यास स्नायू निकामी होऊन जिवावर बेतू शकतं. सराव सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या आणि वाहक असाल तर प्रशिक्षकांना सांगा.