वाटी लहान होते तेव्हा
वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार, चौविहार आणि घरची मनुहार

शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेल्या मुलापुढे आईने मुगाच्या पाण्याची वाटी ठेवली. पाणी स्वच्छ फडक्यातून दोनदा गाळलेले होते. मुलाने चमच्याने चार घोट घेतले, थोडे थांबून आणखी दोन घेतले आणि वाटी बाजूला सारली. वाटी निम्मीसुद्धा रिकामी झाली नव्हती. "अरे, एवढ्याने काय होणार?" असे म्हणत आईने डोळ्यांना पदर लावला. ज्या मुलाला पाचवा फुलका वाढताना तिला आजवर धन्यता वाटत आली होती, तोच मुलगा सहा चमच्यांत तृप्त झाला होता.

नाशिक जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावातील हे किराणा व्यापाऱ्यांचे घर. मुलगा म्हणजे बावन्न वर्षांचे गृहस्थ. वजन 118 किलो, दहा वर्षांचा मधुमेह, गुडघ्यांचे दुखणे आणि रात्री झोपेत अडकणारा श्वास. दुकानाचा जिना चढताना मध्ये थांबावे लागे. आहारनियंत्रणाचे अनेक प्रयत्न फसल्यावर, सुमारे बारा वर्षांपूर्वी, होळीनंतर मुंबईस त्यांच्या जठराभोवती पट्टा बसविण्यात आला. ऑपरेशन एका सकाळीच आटोपले. खरे काम त्यानंतर सुरू झाले आणि ते एकट्या रुग्णाचे नव्हते.

पट्टा काय करतो?

हा पट्टा सिलिकॉनचा असतो. जठराच्या वरच्या टोकाशी तो बसविला की वर सुमारे 30 मिलिलीटर मावेल एवढी छोटी पिशवी तयार होते. पिशवी भरली की पोट भरल्याची जाणीव होते आणि अन्न अरुंद वाटेने हळूहळू खाली उतरते. पट्ट्याच्या आतील बाजूस फुगणारी कडी असते. तिची नळी पोटाच्या त्वचेखालील लहानशा कुपीला जोडलेली असते. डॉक्टर सुईने या कुपीत सलाईन घालून पट्टा आवळतात किंवा काढून सैल करतात. जठराचा कोणताही भाग कापला जात नाही आणि गरज पडल्यास पट्टा काढताही येतो.

अमेरिकेत 2001 साली या पट्ट्याला शासकीय मान्यता मिळाली आणि काही वर्षे त्याचा मोठा बोलबाला होता. पुढे, घटणारे वजन तुलनेने कमी आणि पट्टा सरकल्याने किंवा अन्य कारणाने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण अधिक, असा अनुभव आल्याने तो मागे पडला. आज बहुतेक ठिकाणी जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकणारी 'स्लीव्ह' किंवा आतड्याचा मार्ग बदलणारी 'बायपास' शस्त्रक्रिया केली जाते. पद्धती वेगळ्या असल्या तरी घरी परतल्यावर पडणारा प्रश्न एकच: लहान झालेल्या पोटाशी जुळवून कसे घ्यावे?

पहिले सहा आठवडे : लांबलेले पारणे

डॉक्टरांनी दिलेला आहाराचा तक्ता वाचून आई प्रथम गोंधळून गेली. सुनेने मात्र तो तिला तिच्याच भाषेत समजावला, "आई, अठाईनंतर आपण पारणे कसे करवितो? मुगाच्या पाण्यापासूनच ना? तसेच हे, फक्त एक-दोन दिवसांऐवजी सहा आठवड्यांचे." आईला हे तत्काळ पटले. दीर्घ उपवासानंतर पोटाला एकदम जड अन्न द्यायचे नसते, हे ज्ञान तिच्यापाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे होते.

क्रम साधारणतः असा असतो. पहिले एक-दोन दिवस केवळ पाणी व पातळ, गाळलेले पेय. त्यानंतर सुमारे दोन आठवडे साय काढलेले दूध, पातळ ताक, डाळीचे व दुधीचे गाळलेले पाणी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटून एकजीव केलेले वरण, दुधी, लाल भोपळा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात चमच्याने दाबताच मोडेल असे मऊ अन्न: कुस्करलेले पनीर, गुरगुट्या मुगाची अगदी थोडी खिचडी. नेहमीचे अन्न त्यानंतरच, आणि पट्टा प्रथम आवळला जातो तोही बहुधा याच सुमारास. हा अवधी घाई करण्याचा नसतो. पट्टा आपल्या जागी स्थिर होण्यासाठी जठराला विसावा द्यावा लागतो. सारख्या उलट्या झाल्या तर तो सरकू शकतो. स्लीव्ह व बायपासचा तक्ता निराळा असतो, म्हणून शेजारच्या घरातील तक्ता आपल्या घरी वापरू नये.

लग्नातील एक घास

वैशाखात नात्यातील एका विवाहाचे निमंत्रण होते. शस्त्रक्रियेस दोन महिने उलटले होते आणि प्रकृती ठीक होती. पंगतीत व्याही स्वतः आले. हातातील गरम पुरी पुढे करून म्हणाले, "शेठजी, आमच्या हातची एक तरी घ्यावीच लागेल!" नाही म्हणणे जिवावर आले. पुरीचे दोन मोठे घास बोलता बोलता गिळले गेले. क्षणात छातीत दगड बसल्यासारखे झाले, तोंडात लाळ दाटून आली, घाम फुटला. घाईने उठून त्यांनी बाहेर जाऊन घास ओकून टाकला. पंगतीत कुजबुज झाली आणि आईचा चेहरा उतरला.

पट्ट्याच्या रुग्णास असा प्रसंग बहुधा एकदा तरी येतोच. पाव, मऊ फुलका, पुरी, चिकट भात यांचा तोंडात गोळा होतो आणि तो अरुंद वाटेत अडकतो. शेवग्याच्या शेंगा व संत्र्याच्या फोडीची साल यांच्या दोऱ्यांचेही तसेच. त्या मानाने कुरकुरीत खाखरा नीट चावला तर सहज उतरतो. घास नखाएवढा घ्यावा, त्याची तोंडात खीर होईपर्यंत चावावा, पुढचा घास घेण्यापूर्वी चमचा खाली ठेवावा आणि वीस-पंचवीस मिनिटांत जेवण थांबवावे. भूक शमली की थांबायचे. पोट गच्च भरण्याची वाट पाहायची नाही. जेवताना पाणी घ्यायचे नाही आणि नंतरही अर्धा तास थांबायचे, कारण पाण्याबरोबर अन्न लवकर खाली सरकते आणि भूक पुन्हा लागते.

त्या दिवसापासून घरात एक अलिखित नियम झाला. समारंभाच्या आधीच सून यजमानांना नम्रपणे कळवू लागली, "त्यांना पथ्य आहे, मनुहार करू नये." मनुहार हे आपल्याकडे प्रेमाचे रूप असते. परंतु ज्याचे पोट तीस मिलिलीटरचे आहे, त्याला आग्रह न करणे हेच प्रेम ठरते.

सूर्यास्ताचे गणित

या घरात चौविहार लहानपणापासूनचा. आहारतज्ज्ञांनी दिवसातून पाच लहान जेवणे आणि किमान दीड लिटर पाणी सांगितले, तेव्हा गृहस्थांनी हिशेब मांडला. हिवाळ्यात सूर्योदय सातच्या सुमारास व सूर्यास्त सहाच्या सुमारास; नवकारसीची 48 मिनिटे वजा जाता हाती सुमारे दहा तास. प्रत्येक जेवणाची वीस मिनिटे व नंतरची अर्ध्या तासाची विश्रांती धरली तर पाच जेवणांत चार तासांहून अधिक वेळ पाण्यावाचून जातो. उरलेल्या सहा तासांत दीड लिटर पाणी म्हणजे दर पंधरा मिनिटांना साधारण 60 मिलिलीटर, अर्थात चार मोठे चमचे. एका दमात पेलाभर पाणी पिणे या पोटाला शक्य नसते. त्यांनी गल्ल्याशेजारी उकळलेल्या पाण्याची बाटली ठेवली आणि दर पावतीमागे एक घोट, अशी सवय लावून घेतली.

पहिले दोन महिने मात्र हे गणित जमेना. लघवी कमी व गडद होऊ लागली, चक्कर येऊ लागली. तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि महासतीजींना विचारून त्यांनी रात्री चौविहाराऐवजी तिविहार स्वीकारला. त्यामुळे सूर्यास्तानंतरही पाणी घेता आले. प्रकृती स्थिरावल्यावर ते पुन्हा चौविहारावर आले.

प्रथिनांचाही हिशेब करावा लागतो. अशा रुग्णास दिवसाला साधारण 60 ग्रॅम प्रथिने लागतात. ती न मिळाल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि केस गळू लागतात. कंदमुळे, मांस, अंडी वर्ज्य असलेल्या घरात हे साधते, पण आपोआप साधत नाही. 100 ग्रॅम पनीरमधून सुमारे 18 ग्रॅम, 60 ग्रॅम मूगडाळीतून सुमारे 14 ग्रॅम, 400 मिलिलीटर दुधातून सुमारे 13 ग्रॅम. उरलेला भाग दही आणि दुधापासून केलेल्या प्रथिनांच्या पुडीतून. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी कच्चे दही व डाळ निरनिराळ्या वेळी घ्यावे. पाच जेवणांची विभागणी त्यासाठी सोयीचीच पडते. ताटात पहिला घास पनीर-डाळीचा, मग भाजी आणि जागा उरली तर धान्य, हा क्रम ठेवावा.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, विशेषतः बी-12, लोह, कॅल्शियम व डी. शाकाहारी माणसात बी-12 मुळातच कमी असते. ते सूक्ष्मजीवांपासून तयार होते, त्यामुळे त्याबाबत अडचण नाही. मात्र अनेक कॅप्सूलांचे आवरण प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनलेल्या जिलेटिनचे असते आणि डी-3 बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशातून काढलेले असते. वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल व दगडफुलाच्या वर्गातील लायकेनपासून केलेले डी-3 हे पर्याय मिळतात. विचारून घ्यावे, पण गोळी सोडू नये.

रोजमेळात सापडलेली चोरी

सुरुवातीस आठवड्याला अर्धा-पाऊण किलो वजन उतरत होते. चौथ्या महिन्यात ते थांबले. गृहस्थ डॉक्टरांकडे पट्टा आणखी आवळून मागू लागले. आहारतज्ज्ञ बाईंनी पट्ट्याला हात लावू न देता त्यांना आठ दिवसांचा रोजमेळ लिहायला सांगितले. दुकानात रोकड लिहितात तसाच, तोंडात गेलेल्या प्रत्येक वस्तूचा.

आठ दिवसांनी आकडे बोलू लागले. जेवणे काटेकोर होती. पण ग्राहकांबरोबर दिवसाकाठी सात कप चहा होत होता. प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तरी 14 चमचे, म्हणजे सुमारे 70 ग्रॅम साखर आणि तिचे जवळपास 280 उष्मांक. शिवाय दुपारी वाटीभर श्रीखंड आणि संध्याकाळी चिमूट चिमूट म्हणत बशीभर शेव. फुलका अडवणारा पट्टा श्रीखंड, सरबत, आइस्क्रीम आणि तोंडात विरघळणारे फरसाण यांना अडवीत नाही. घन अन्नाचा त्रास होतो म्हणून माणूस नकळत मऊ व गोड पदार्थांकडे वळतो आणि वजन तेथेच थबकते. पट्टा जठराला बांधलेला असतो, मनाला नव्हे, हे त्या रोजमेळाने त्यांना शिकवले. त्या दिवसापासून त्यांचा चहा बिनसाखरेचा आणि दोनच कप झाला.

पर्युषण आले

गेली अकरा वर्षे पर्युषणात अठाई करणाऱ्या या गृहस्थांपुढे भाद्रपदात खरा पेच उभा राहिला. शस्त्रक्रियेस पाच महिने झाले होते. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला: वजन वेगाने उतरत असताना लांब उपवास केल्यास शरीर कोरडे पडते, स्नायू झिजतात, पित्ताचे खडे होण्याचा धोका वाढतो आणि मधुमेहाची गोळी चालू असल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते. एकासणाही शक्य नव्हता, कारण एका बैठकीत त्यांचे पोट दिवसभराची गरज घेऊच शकत नव्हते. आयंबिलात दूध-दही वर्ज्य होऊन प्रथिनांचा मोठा आधार जात होता.

"मग यंदा माझे पर्युषण कोरडेच जायचे का?" त्यांनी महासतीजींना विचारले. उत्तर मिळाले ते त्यांच्या परिचयाचेच होते. बाह्य तपाचे सहा प्रकार आहेत आणि अनशन त्यांपैकी एक. त्याच्या शेजारीच ऊनोदरी आहे, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे, वृत्तिसंक्षेप आहे, म्हणजे पदार्थांची मर्यादा, रसपरित्याग आहे. त्या वर्षी त्यांनी आठ दिवस पाचच पदार्थांची मर्यादा ठेवली, साखर आणि तळलेले यांचा त्याग केला, दूध-दही मात्र वैद्यकीय सल्ल्यानुसार चालू ठेवले. उरलेला वेळ सामायिकात गेला. संवत्सरीच्या दिवशी अठाई करणाऱ्यांचा सत्कार चालू असताना ते मागच्या रांगेत बसले होते. मनाला थोडी हुरहुर होती. परंतु पोट भरण्यापूर्वी हात आवरणे हे तप त्यांना आता वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस करायचे होते.

दुर्लक्ष करू नये अशा खुणा

वारंवार उलटी, पाणीही खाली न उतरणे, रात्री आडवे होताच घशाशी येणे किंवा खोकला लागणे, पोटात तीव्र वेदना, ताप, कुपीच्या जागी लाली वा सूज यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकांकडे जावे. उलट्या अनेक दिवस चालल्या तर बी-1 जीवनसत्त्व घटून मज्जासंस्थेवर परिणाम होऊ शकतो; केवळ साखरपाण्यावर दिवस काढू नयेत. अंगदुखी-डोकेदुखीची गोळी मनाने घेऊ नये, कारण काही वेदनाशामकांनी जठरात व्रण होतात. मधुमेह व रक्तदाबाची औषधे वजनाबरोबर बदलावी लागतात. तीही तपासणी करूनच.

दोन वर्षांत त्या गृहस्थांचे वजन 24 किलोंनी उतरले. मधुमेहाच्या तीन गोळ्यांची एक झाली आणि दुकानाचा जिना ते न थांबता चढू लागले. पट्टा आजही आहे आणि वर्षातून एकदा तपासणीही आहे. आई आता पंचाऐंशीची आहे. मुलगा जेवायला बसला की ती स्वतः येते, त्याच्यापुढे लहान वाटी ठेवते आणि वाटी संपली की न बोलता उचलून नेते. 'अजून थोडे घे' हे शब्द तिने या बारा वर्षांत कितीदा ओठांवर अडवले असतील, याचा हिशेब तिच्यापाशीच आहे.