घोड्यांची वाट, सायकलींची वाट

कालवा म्हटला की तुमच्या आमच्या डोळ्यांपुढे काय येते? धरण, पाटाचे पाणी, पाण्याची पाळी आणि ऊस. कालवा म्हणजे शेतीचे पाणी, हे आपल्याला ठाऊक आहे. पण इंग्लंडात पुष्कळसे कालवे शेतीसाठी खणलेच नाहीत. ते खणले मालाची ने-आण करण्यासाठी. त्यांत नावा चालत. आज त्या कालव्यांच्या काठाने लोक सायकलीवर फिरायला जातात. कामाला म्हणून नव्हे, हौस म्हणून.

आमची मुलगी लंडन शहरी नोकरीस आहे. एका उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे दोन महिने राहिलो. शाळेत होतो तेव्हा तीस वर्षे सायकलीनेच आलो-गेलो. मग तिथेही सायकल मिळवली. रविवारी आम्ही बापलेक निघायचो. जे पाहिले ते तुम्हांला सांगतो.

काठावर वाट कशासाठी?

कालवे खणले तेव्हा नावेला इंजिन नव्हते. नाव ओढायची घोड्याने. घोडा काठावरून चालायचा. त्याच्या गळपट्ट्याला लांब दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला नाव. तिथल्या कालव्याचे पाणी जवळजवळ स्थिर असते. म्हणून एकटा घोडा सुमारे ३० टन माल ओढून न्यायचा. आपल्या पंचवीस-तीस बैलगाड्यांचा माल एका घोड्यामागे! त्या घोड्यासाठी काठाने सलग वाट बांधली. घोडे गेले, पण वाट राहिली. तीच आज सायकलींची वाट झाली आहे.

उपनगरांतून शहराकडे

लंडनच्या पश्चिमेला हेज नावाचे उपनगर आहे. तिथून पॅडिंग्टनपर्यंत कालव्याचा एक फाटा येतो. तो १८०१ साली सुरू झाला. लांबी सुमारे २२ किलोमीटर. सगळी वाट सपाट, चढ असा नाहीच. म्हाताऱ्या माणसाने खुशाल जावे.

वाटेत साउथॉल लागते. तिथे पंजाबी लोकांची मोठी वस्ती आहे. पुढे ग्रीनफर्ड, मग अ‍ॅल्पर्टन. अ‍ॅल्पर्टनला गुजराती लोक पुष्कळ. कालव्यावरून चार पावले वर रस्त्यावर गेले की भाजीच्या दुकानात भेंडी आणि कारली दिसतात! आणखी पुढे एक नवल आहे. मोटारींचा मोठा रस्ता खालून जातो आणि कालवा त्याच्यावरून, पुलावरून जातो. खाली मोटारींची गर्दी, वर बदके पोहत आहेत.

पॅडिंग्टनजवळ दुसरा कालवा सुरू होतो. त्याचे नाव रीजंट कालवा. तो १८२० साली पूर्ण झाला. लांबी सुमारे १४ किलोमीटर, म्हणजे आपले साडेचार कोस. तो शहराच्या उत्तर भागातून वळसा घेत पूर्वेला लाइमहाउसच्या गोदीत, थेम्स नदीपाशी जातो.

या कालव्याला ८६ फूट उतार आहे. उतारावर नाव कशी न्यायची? त्यासाठी १२ ठिकाणी हौदासारखी जागा बांधली आहे. तिला दोन्हीकडे दरवाजे. नाव भरल्या हौदात घ्यायची आणि मागचा दरवाजा लावायचा. मग हौदातले पाणी पुढे सोडायचे. पाण्याबरोबर नावही खाली बसते. मग पुढचा दरवाजा उघडायचा. याला तिकडे 'लॉक' म्हणतात. हा पाण्याचा जिनाच म्हणायचा.

घोड्यांच्या खुणा

या वाटेवर जुन्या खुणा जागोजाग आहेत. पुलांच्या लोखंडी खांबांवर खोल खाचा दिसतात. त्या कोणी कोरल्या नाहीत. वर्षानुवर्षे ओला दोर घासला आणि लोखंड झिजले. आपल्या विहिरीच्या काठावर दोराने दगड झिजतो, तसेच.

एका पुलाच्या खांबांवर तर दोन्ही अंगांनी खाचा आहेत. १८७४ साली ऑक्टोबरच्या २ तारखेला पहाटे त्या पुलाखाली दारूने भरलेली नाव उडाली. पिण्याची नव्हे, बंदुकीची दारू. तीन माणसे मेली, पूल कोसळला. पुन्हा बांधताना जुनेच खांब फिरवून उभे केले. मग दोर दुसऱ्या अंगाला घासू लागला.

काही ठिकाणी काठावरून पाण्यात उतार बांधलेला आहे. आम्ही मुलीला विचारले, "हा कशाला?" ती म्हणाली, "अण्णा, आगगाडीच्या आवाजाला घोडे बुजायचे आणि पाण्यात पडायचे. त्यांना चालत वर येता यावं म्हणून." मुक्या जनावराची सोय पाहून बरे वाटले.

इस्लिंग्टन भागात कालवा डोंगरीच्या पोटातून जातो. बोगदा ८७८ मीटर लांब, आणि आत काठाला वाट नाही. तिथे घोडा सोडून डोंगरीवरून पलीकडे नेत. नावाडी नावेत उताणे पडून पायांनी भिंत रेटत नाव पुढे ढकलीत. आज सायकलवाल्यालाही तिथे वर रस्त्यावर यावे लागते आणि पलीकडे पुन्हा उतरावे लागते. घोड्याला सुटका नव्हती, आम्हांलाही नाही.

एक घर

या कालव्याच्या काठी प्राणिसंग्रहालय आहे. तिथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर किंग हेन्री रोडवर १० नंबरचे घर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली शिकत असताना तिथे राहत. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर घेतले. आता तिथे स्मारक आहे. आम्ही सायकली बाहेर ठेवल्या आणि आत जाऊन नमस्कार केला. याच विद्यार्थ्याने पुढे १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले. सार्वजनिक पाणी सर्वांचे, हे त्यांनी दाखवून दिले. कालव्याकाठी परत येताना तेच मनात घोळत होते.

आमची चूक

आता आमची एक चूक सांगतो. ही वाट अरुंद आहे. पुलाखाली तर दोन माणसेच मावतात. एका पुलाखाली आम्ही जोरात घंटी वाजवीत शिरलो. समोरून काठी टेकीत एक म्हातारा येत होता. तो बिचारा भिंतीला चिकटून उभा राहिला. दुसऱ्या अंगाला पाणी होते. तो रागावला नाही, पण त्याचे हात कापत होते.

मुलगी मागून आली. म्हणाली, "अण्णा, पुलाखाली उतरायचं असतं. या वाटेवर पहिला मान चालणाऱ्याचा."

जन्मभर आम्ही मुलांना शिस्त शिकवली. त्या दिवशी आमचा धडा झाला. आम्ही म्हाताऱ्याची माफी मागितली. पुढे प्रत्येक पुलापाशी वेग कमी केला, हलकेच दोनदा घंटी वाजवली, माणूस दिसला की पाय टेकला.

हे कालवे १९४८ साली सरकारने ताब्यात घेतले. रीजंट कालव्यावर घोड्यांनी माल नेणे १९५६ साली थांबले. २०१२ सालापासून इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे एक धर्मादाय संस्था सांभाळते. पुष्कळ लोक रविवारी येऊन फुकट काम करतात, कचरा काढतात, रंग देतात.

आपली पाणंद

इथे एक सांगायला हवे. आपला कालवा वेगळा. त्याचे पाणी ओढीचे, काठ निसरडा. पडलेल्या माणसाला वर येता येत नाही. म्हणून पोरांना त्याच्या काठाने सायकली पळवू देऊ नका.

पण वाटेची गोष्ट आपल्यालाही लागू आहे. आमच्या गावी एक पाणंद होती. आम्ही लहान असताना दोन गाड्या शेजारून जात. इकडच्याने हातभर नांगरली, तिकडच्याने हातभर नांगरली. आज तिथून बैलसुद्धा अंग चोरून जातो. पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून आणावे लागते. कोणा एकाने वाट खाल्ली नाही. सगळ्यांनी थोडी थोडी खाल्ली.

तिकडे काम संपले तरी लोकांनी घोड्याची वाट राखली. आपल्या पाणंदीचे तर काम अजून संपलेले नाही. या उन्हाळ्यात नांगर धरताना बांधापाशी जरा थांबा आणि मागे वळून पाहा. वाट किती उरली आहे?