दाट आणि जड

रसायनाच्या वर्गांत द्रवांची घनता शिकवितांना पहिली अडचण येते ती शब्दाचीच. ‘घन’ म्हटलें कीं विद्यार्थ्यांच्या मनांत ‘दाट’ हाच अर्थ उभा राहतो. ही समजूत घालविण्यास कांचेचा एक उंच पेला पुरेसा होतो. त्याच्या तळाशीं मध ओतावा. त्यावर लाल रंग घातलेलें पाणी चमच्याच्या पाठीवरून हलकेच सोडावें. आतां तिळाचें तेल हातीं घेऊन, तें कोठें जाईल, असें विचारावें. तेल पाण्याहून दाट, तेव्हां तें पाण्याखालीं जाईल, असें उत्तर सहज येतें. प्रत्यक्षांत तेलाचा पिवळा थर पाण्यावरच स्थिरावतो. मग आंकडे सांगावेत: एक लिटर मधाचें वस्तुमान सुमारें १.४ किलोग्रॅम, पाण्याचें १, तेलाचें ०.९२. दाटपणा म्हणजे वाहण्यास होणारा विरोध. घनता म्हणजे ठराविक जागेंत मावणारें वस्तुमान.

हा भेद घरींही उपयोगी पडतो. गाईच्या दुधाची घनता पाण्याच्या सुमारें १.०३ पट असते. त्यांत पाणी घातलें कीं ती उतरते आणि लॅक्टोमीटर अधिक बुडतो. परंतु साय हलकी असल्यामुळें ती काढून घेतांच उरलेल्या दुधाची घनता वाढते. साय काढून मग बेतानें पाणी मिसळलें, तर आंकडा पुन्हां ठीक दिसतो! अशा वेळीं एकट्या लॅक्टोमीटरवर विसंबून चालत नाहीं. दुधांतील स्निग्धांशही तपासावा लागतो. पेल्यांतील तेल वर कां राहिलें हें ज्यास उमगलें, त्यास याचें कारण निराळें सांगावें लागत नाहीं.