गिऱ्हाइकाकडं तोंड केलेला स्क्रीन

आमच्या दुकानात दुसरा मॉनिटर आला तो एका जादा 'ए'मुळं. २००९ साल. परभणीत स्टेशन रोडला लागून असलेल्या बोळात टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म अशी पाटी लावून मी बसायचो. एका पोराचं आडनाव कांबळे. त्याच्या मार्कमेमोवर 'बी'नंतर लगेच 'एल' होता, मी मधे एक 'ए' घातला. हॉल तिकिटावर नाव वेगळं आलं. वडील जिंतूरहून गाडी पकडून आले. ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "तुमी काय टायपायलाव ते आम्हाला कुठं दिसायलंय?" खरं होतं. गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडं बसतं, त्याला मॉनिटरची पाठ दिसते.

त्या आठवड्यात एक जुना १७ इंची एलसीडी घेतला, १२८० बाय १०२४चा, चौकोनी. त्याचं तोंड गिऱ्हाइकाकडं केलं. काम संपलं असं वाटलं होतं. त्या मॉनिटरपायी पुढं जे काही उद्योग केले, ते सगळे २०० पानी वहीत लिहून ठेवलेत.

हे उद्योग लिनक्सवरचे, तेव्हा दुकानात लिनक्स कसं आलं ते आधी सांगतो. तत्त्वाचा वगैरे भाग नव्हता. दिवसाला तीस-चाळीस पेनड्राइव्ह मशिनीत खुपसले जायचे आणि प्रत्येकातून काहीतरी वळवळत आत यायचं. महिन्यातून एकदा मशीन फॉरमॅट करणं परवडेना. म्हणून लिनक्स घ्यायचं ठरवलं. त्या काळी उबुंटू या लिनक्सची सीडी मागवली की पोस्टानं फुकट घरपोच यायची. शिपइट नावाची ती योजना २०११मध्ये बंद पडली. माझ्याकडं आलेली सीडी ८.०४ची. मशीन म्हणजे लॅपटॉप, कारण लोडशेडिंग. लाइट गेली तरी अर्धवट फॉर्म बॅटरीवर पुरा करता यायचा.

लॅपटॉपच्या बाजूला मॉनिटर जोडला आणि स्क्रीन मांडणाऱ्या एक्सरँडआर नावाच्या आज्ञेला सांगितलं की हे दोन शेजारी मांड. उत्तर आलं, स्क्रीन १२८० बाय १२८०पेक्षा मोठा होऊ शकत नाही. लॅपटॉपची रुंदी १२८०, बाहेरच्याचीही १२८०, बेरीज २५६०. एवढा मोठा पाट मांडायला जागाच राखलेली नव्हती. ती राखायची तर एक्सऑर्ग डॉट कॉन्फ या फाइलीत 'व्हर्च्युअल' अशी एक ओळ हातानं लिहायची. त्या फाइलीत एक अवतरणचिन्ह चुकलं की मशीन सुरू होताना काळा पडदा. बनी तो बनी, नही तो परभणी. बाहेरचे लोक ही म्हण आमच्या गावावर फेकतात, मी ती त्या फाइलीसाठी राखून ठेवली आहे. वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात आहे: कंट्रोल, ऑल्ट, एफ१ दाबा, अंधारात नाव आणि पासवर्ड टाका, जुनी फाइल परत जागेवर ठेवा.

ओळ लिहिली, दोन्ही स्क्रीन लागले, पण खिडक्यांचे ते डुलणारे इफेक्ट बंद पडले. दोन दिवस ड्रायव्हरमागं लागलो. मग कळलं की आतली ९४५ जातीची ग्राफिक्स चिप थ्रीडीच्या कामात २०४८ ठिपक्यांपलीकडं जाऊच शकत नाही. ड्रायव्हर कितीही बदला, चिप तीच. तेव्हा शेजारी ठेवायचं सोडून मॉनिटर डोक्यावर ठेवला. म्हणजे टेबलावर जिथं होता तिथंच, फक्त कॉम्प्युटरला सांगितलं की तो वरच्या मजल्यावर आहे. लॅपटॉपची उंची ८००, मॉनिटरची १०२४, मिळून १८२४. बसलं.

नाइलाजानं केलेली ही मांडणी मी पुढं कधीच बदलली नाही. ज्या मॉनिटरची पाठ तुमच्याकडं आहे त्याला डावं-उजवं काय असतं? माउस उजवीकडं सरकवला की गिऱ्हाइकाला तो डावीकडून येताना दिसतो. 'वर' मात्र दोघांचंही एकच.

उबुंटूची ९.१० आवृत्ती आली आणि ती 'व्हर्च्युअल'ची ओळ लिहायची गरज संपली, कारण ग्राफिक्सचा कारभार लिनक्सच्या गाभ्यानं, म्हणजे कर्नलनं, आपल्या हातात घेतला होता. २०४८ची मर्यादा तेवढी राहिली.

त्या काळात खरा छळ लोडशेडिंगचा. मॉनिटर साध्या लाइटवर, लॅपटॉप बॅटरीवर. लाइट गेली की गिऱ्हाइकाचा स्क्रीन काळा, आणि त्यावर उघडलेला फॉर्म तिथंच अडकलेला. व्हीजीएच्या जोडणीत मॉनिटर बंद झाल्याचं कॉम्प्युटरला सहसा कळतच नाही. वायर खोचलेली आहे ना, मग आहे म्हणायचं. ऑल्ट आणि एफ७ दाबून बाणाच्या कळीनं ती न दिसणारी खिडकी खाली ओढायची, हे मी शिकलो. विहिरीत पडलेली बादली गळ टाकून काढतात तसं. सोपा उपाय म्हणून दोन्हीकडं एकच चित्र ठेवून पाहिलं. पण मग मी माझा पासवर्ड टाकायला लागलो की समोरचा माणूस आणि त्याच्या मागच्या रांगेतले चौघं निवांत वाचत बसायचे. आठ दिवसांत ते बंद केलं.

वहीची सगळ्यात जास्त पानं खाल्ली ती मात्र एका वायरीनं.

२०१३मध्ये डेस्कटॉप घेतला, मागं दोन पोर्ट असलेला, आणि गिऱ्हाइकासाठी १३६६ बाय ७६८चा नवा रुंद मॉनिटर. जोडला, तर चित्र १०२४ बाय ७६८वरच. अक्षरं आडवी ताणलेली. गिऱ्हाइकं म्हणायची, माझं नाव जाडं दिसायलंय. सेटिंगमध्ये १३६६चा पर्यायच नाही. मग सीव्हीटी नावाच्या आज्ञेनं त्या आकाराचा मोड तयार करून घेतला. आकडे १३६६ आणि ७६८ दिले, तर तिनं बनवला १३६८चा. मला वाटलं मीच चुकलो. पुन्हा दिले, पुन्हा १३६८. त्या हिशेबात रुंदीला आठानं भाग जावा लागतो, १३६६ला जात नाही, म्हणून ती पुढचा आकडा घेते. तो मोड जोडला आणि एक्सप्रोफाइल फाइलीत टाकला, कारण या आज्ञा मशीन बंद केलं की पुसल्या जातात. दोन ठिपके कडेबाहेर गेले. फॉर्मची डावी रेघ दिसेना. तसंच रेटलं काही महिने.

मूळ प्रश्न असा की मॉनिटर स्वतःची ओळख सांगत का नव्हता? प्रत्येक मॉनिटरमध्ये निदान १२८ बाइटची एक छोटी जंत्री असते: कोणत्या कंपनीचा, केवढा, कोणते आकार दाखवू शकतो. तिला ईडीआयडी म्हणतात. कॉम्प्युटर ती वायरीतून वाचतो. माझ्या मशीनच्या लॉगमध्ये त्या जागी काहीच नव्हतं. एका रविवारी वायर काढून उजेडात धरली. व्हीजीएच्या पिना तीन ओळींत, पाच-पाच. मधल्या ओळीतली चौथी पिन गायब. सापडला चोर! मोठ्या उत्साहानं बाजारात जाऊन दुसरी वायर आणली. तिलाही ती पिन नाही. दुकानदारानं तिसरी दाखवली, तिलाही नाही. त्यानं माझ्याकडं जसं पाहिलं ते अजून आठवतं. ही ९ नंबरची पिन बऱ्याच वायरींत मुळातच नसते, आणि नसली तरी अडत नाही.

ओळख वाहून नेतात त्या १२ आणि १५ नंबरच्या. माझ्या जुन्या वायरीतली १२ नंबरची, म्हणजे खालच्या ओळीतली दुसरी, मुळाशी मोडून आडवी पडली होती. कधीतरी घाईत तिरकी खोचताना मीच मोडली असणार. आणलेली नवी वायर लावली आणि १३६६ आपोआप आलं. एक्सप्रोफाइलमधल्या माझ्या ओळी खोडल्या. वहीत त्या दिवशी लिहिलंय: आधी वायर, मग स्क्रू, मग मॉनिटरवरचं इनपुटचं बटण, सगळ्यात शेवटी लिनक्स.

हे सगळं मी एकट्यानंच केलं असं नाही. गावात उबुंटू वापरणारे आणखी लोक होते ते कोर्टात. ई-कोर्ट प्रकल्पात जिल्हा न्यायालयांनी हीच प्रणाली घेतली. तिथला एक ओळखीचा माणूस झेरॉक्सला यायचा आणि माझा स्क्रीन पाहून हसायचा, "तुमच्याकडंबी तेच का?" त्याच्याकडून दोन-चार युक्त्या मिळाल्या. आवाज अचानक बंद झाला तर तो एचडीएमआयनं बिनस्पीकरच्या मॉनिटरमध्ये गेला का ते बघा, ही त्यातली एक. माझ्याकडं आलेल्या अशा तक्रारींपैकी निम्म्या तिथंच मिटल्या.

२०१८मध्ये १८.०४ टाकलं आणि सकाळी मशीन लावलं की पासवर्डची चौकट गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर. मी लावलेली मांडणी लॉगिननंतर लागू व्हायची, लॉगिनच्या पडद्याला ती माहीतच नव्हती. मॉनिटर्स डॉट एक्सएमएल ही फाइल माझ्या घरातून उचलून लॉगिनचा पडदा सांभाळणाऱ्या जीडीएमच्या घरात ठेवली, संपलं. आधीची दहा वर्षं डोकं आपटलं नसतं तर या पाच मिनिटांच्या कामाला आठवडा लागला असता.

२२.०४बरोबर एक्सऑर्गच्या जागी वेलँड आलं. माझी सगळी विद्या एक्सरँडआरची. ती आज्ञा आता स्क्रीनची यादी दाखवते, पण बदल करू देत नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग सेटिंगमध्ये जाऊन माउसनं एक चौकोन दुसऱ्याच्या वर ओढला, 'लागू करा' दाबलं. झालं. वहीला त्यानंतर फारशी शाई लागली नाही.

नवीन छोट्या मशीनला व्हीजीए नाही. गिऱ्हाइकाचा मॉनिटर आता डिस्प्लेपोर्टवर आहे, आणि अजूनही साध्या लाइटवरच, कारण इन्व्हर्टरवर मशीन, माझा स्क्रीन, राउटर आणि पंखा एवढंच झेपतं. पण ही वायर गप्प बसत नाही. मॉनिटर मेला की कॉम्प्युटरला लगेच खबर.

२०२३च्या जुलैचा शेवटचा आठवडा. खरीप पीकविमा त्या वर्षी पहिल्यांदा एक रुपयात होता, बोळाच्या तोंडापर्यंत रांग. मानवतकडचे एक मामा स्टुलावर, हातात सातबारा. सोयाबीनचा फॉर्म भरत आणला होता, ते समोरच्या स्क्रीनवर ओठ हलवत आकडे जुळवत होते. लाइट गेली. त्यांचा स्क्रीन काळा झाला आणि त्यांचा फॉर्म आपसूक खाली उतरून माझ्यापुढं येऊन उभा राहिला. बोटं सवयीनं ऑल्ट-एफ७वर गेली होती, तशीच थांबली.

"सबमिट करू का, मामा?"

"थांबा थोडं." मामा उठले, काउंटरवरून माझ्या बाजूला वाकले आणि माझ्या स्क्रीनवर बोट टेकवलं. "ह्यो गट माझ्या भावाचा हाय."